जवळून लावलेले किरण

जिभेच्या कडेला एक लहानसा व्रण होतो. दात घासताना तो झोंबतो, आमटी जरा तिखट झाली की आग होते, आणि माणूस म्हणतो, "तोंड आले आहे." तोंड येणे ही मराठी घरातली इतकी नित्याची गोष्ट आहे की तिच्यासाठी सहसा कोणी वैद्याचा उंबरठा चढत नाही. ज्येष्ठमधाची काडी चघळावी, व्रणाला साजूक तूप लावावे, चार दिवस तिखट बंद करावे, एवढ्यावर ते बहुधा बरे होतेही. पण जो व्रण तीन आठवडे उलटले तरी भरून येत नाही, ज्याच्या कडा बोटाला टणक लागतात, आणि विशेष म्हणजे जो फारसा दुखत नाही, त्याला तोंड येणे म्हणू नये. तो तज्ज्ञाला दाखवावा आणि त्याचा तुकडा तपासून घ्यावा.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही. आमच्या परिचयातील एका वयस्क गृहस्थांमुळे ती मला कळली. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. मूळचे वाईचे. सरकारी लेखा खात्यातील नोकरीच्या निमित्ताने चंदीगडला आले आणि निवृत्तीनंतर मुलगा येथेच नोकरीला असल्यामुळे येथेच राहिले. चाळीस वर्षे त्यांच्या खिशात चंची होती आणि डाव्या गालात तंबाखूचा बार. गणेशोत्सवात येथील मराठी मंडळी जमतात तेव्हा अथर्वशीर्षाची आवर्तने सांगण्याचा मान त्यांचा. जिभेच्या डाव्या कडेचा व्रण त्यांनी चार महिने अंगावर काढला. शेजारची दाढ टोकदार आहे, ती घासते, म्हणून तो बरा होत नाही, असे त्यांनी स्वतःशी ठरवून टाकले होते. शेवटी मुलाने हट्ट धरला, आणि मी सोबतीला गेलो. अशा रीतीने मी, जो इतिहासाचा विद्यार्थी आणि धंद्याने सरकारी नोकर, तो एका वैद्यकीय विषयाच्या वाटेला लागलो. पुढे जे सांगतो आहे ते एका जिज्ञासू माणसाने विचारून, पाहून आणि वाचून जमविलेले आहे, एवढे ध्यानात घेऊन ऐकावे.

चंदीगडच्या बाराव्या सेक्टरमध्ये जी मोठी वैद्यकीय संस्था आहे तिला सारा उत्तर भारत 'पीजीआय' या तीन अक्षरांनी ओळखतो. १९६२ साली ती त्या वेळच्या पंजाब सरकारने स्थापिली. पुढे १९६६ च्या नोव्हेंबरात पंजाबचे विभाजन झाले, आणि एका राज्याची संस्था कोणत्या राज्याने सांभाळावी या प्रश्नाला संसदेने कायद्याने उत्तर दिले: १ एप्रिल १९६७ पासून ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. पंजाब, हरियाणा, हिमाचल, काश्मीर, शिवाय उत्तर प्रदेशचा बराच भाग, इतक्या मुलखातील रोगी पहाटेपासून तिच्या दाराशी येऊन बसतात. शीख धर्मात तंबाखू निषिद्ध आहे, आणि चंदीगड शहराने तर २००७ सालीच आपण धूम्रपानमुक्त असल्याचे जाहीर केले. तेव्हा येथे तोंडाचा कर्करोग फारसा दिसू नये, असा माझा भाबडा समज होता. कर्करोगाच्या विभागाबाहेरच्या बाकावर एक सकाळ काढली आणि तो समज गेला. हरियाणातील हुक्का ओढणारे वृद्ध, पहाडातून आलेले बिडीबाज, आणि गुटख्याची पुडी फाडण्यात ज्यांची तरुणपणाची दहा वर्षे गेली असे ट्रकचालक, सारेच तेथे होते.

आपल्या देशातील पुरुषांमध्ये आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग ओठ व मुख यांचाच आहे. याचे कारण शोधण्याच्या कामात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राचे प्रमुख होते. कोणत्या समाजात, कोणत्या सवयीमुळे, तोंडाच्या नेमक्या कोणत्या जागी कर्करोग होतो, याचा त्यांनी चिकाटीने शोध घेतला. त्यांच्याही आधी, १९३३ साली, त्रावणकोरात काम करणाऱ्या डॉ. ऑर यांनी पानतंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोगावर निबंध लिहिला होता. तंबाखू ज्या जागी दाबून धरावी त्या जागी रोग उगवतो, इतका हा संबंध उघड आहे. नुसती सुपारीही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. आपल्याकडे ज्या स्त्रिया तंबाखू खात नाहीत असे अभिमानाने सांगतात त्यांच्यापैकी कित्येक सकाळी मशेरी लावतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

तात्यांच्या जिभेचा तुकडा तपासला गेला आणि जे ऐकायचे नव्हते तेच ऐकावे लागले. व्रण दोन सेंटिमीटरांहून किंचित मोठा होता. मानेत गाठ लागत नव्हती. शल्यचिकित्सकाने स्पष्ट सांगितले की जिभेचा तेवढा भाग कापून काढणे आणि मानेतील गाठींचे जाळे काढणे हा सर्वमान्य मार्ग आहे. तात्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, जीभ कापल्यावर मला ळ म्हणता येईल का?" पंजाबी डॉक्टरांना प्रश्न कळला नाही, तो मी समजावून सांगितला. पंजाबीतही ळ चा उच्चार आहे, त्यामुळे समजावणे जड गेले नाही. ते हसले नाहीत, थोडे थांबले आणि म्हणाले, "शस्त्रक्रियेनंतर बहुतेक लोक चांगले बोलतात. पण आणखी एक मार्ग आहे, आणि तुमचा व्रण त्याला योग्य जागी आहे. किरणोपचार विभागात एकदा दाखवा."

तो मार्ग म्हणजे ज्याला वैद्यकात ब्रॅकीथेरपी म्हणतात. 'ब्रॅकी' हा ग्रीक शब्द. अर्थ आखूड, जवळचा. आपण त्याला अंतःकिरणोपचार म्हणू. आपण ऐकतो तो नेहमीचा किरणोपचार दुरून होतो. मोठ्या यंत्रातून किरणांचा झोत निघतो, तो त्वचा, गाल, लाळेच्या ग्रंथी, जबडा हे सारे ओलांडून रोगापर्यंत पोहोचतो आणि पुढे निघून जातो. सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असा तो चालतो. वाटेतल्या निरोगी भागांनाही त्याचा प्रसाद मिळतो; विशेषतः लाळ आटते, आणि लाळेवाचून भाकरीचा घास गिळणे काय असते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. अंतःकिरणोपचारात किरणांचा उगमच रोगाच्या गाठीत नेऊन ठेवतात.

यामागचा नियम शाळेत आपण सर्वांनी शिकलेला आहे. उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता निम्मी होत नाही, ती चौथाई होते. तिप्पट अंतरावर नवमांश. देवघरातील समईजवळ धरलेली पोथी वाचता येते. तीच दारापाशी नेली तर अक्षर दिसत नाही. गाठीच्या आत ठेवलेल्या किरणोत्सर्गी कणापासून एक सेंटिमीटरवर जेवढा मारा बसतो त्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतकाच पाच सेंटिमीटरवर बसतो. अनेक उगम ओळीने मांडले की हा हिशेब थोडा बदलतो, पण तत्त्व तेच. दुरून येणाऱ्या झोताला हा लाभ नाही, कारण त्याला रोगही दूर आणि निरोगी भागही जवळजवळ तितकाच दूर.

येथे एका शब्दाबद्दल बोलतो. महाराष्ट्रात किरणोपचाराला लोक 'शेक' म्हणतात, आणि इकडे पंजाब-हरियाणात 'सिकाई'. दोन्ही शब्द फसवे आहेत. या उपचारात उष्णतेचे काहीच काम नाही. किरणमात्रेचे एकक 'ग्रे' हे आहे. एक किलो पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. अशा गाठीला पूर्वीच्या मंद पद्धतीने जी एकूण मात्रा देत असत ती साठ ते सत्तर ग्रे. सत्तर ग्रे ऊर्जेने पाणी तापविले तर त्याचे तापमान सुमारे एका अंशाचा साठावा भाग इतके वाढेल! एका घोट चहातही याहून अधिक उष्णता असते. मग रोग मरतो कशाने? किरण पेशीच्या केंद्रातील जनुकद्रव्याचे धागे तोडतात. त्या पेशी तेथल्या तेथे मरत नाहीत; पुढे जेव्हा दुभंगून वाढू पाहतात तेव्हा त्या कोसळतात. म्हणून उपचार संपल्यावरही गाठ कित्येक आठवडे विरघळत राहते. निरोगी पेशींचेही धागे तुटतात, पण दुरुस्तीला काही तास मिळाले तर त्या स्वतःला अधिक चांगले सावरतात. ही दुरुस्ती मध्ये घडू द्यायची आणि रोगाला मात्र सावरू द्यायचे नाही, यावर या शास्त्राचे सारे वेळापत्रक बसविलेले आहे.

ही कल्पना शतकाहून जुनी आहे. १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम शोधून काढले, आणि तीनच वर्षांनी, १९०१ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. डानलो यांनी त्वचारोगावर त्याचा प्रयोग केला. १९०३ साली रेडियमचा कण काचेच्या नळीत बंद करून कर्करोगाच्या गाभ्यातच ठेवावा, अशी सूचना एका माणसाने केली. तो म्हणजे टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल. पुढे प्लॅटिनमच्या वेष्टनातील रेडियमच्या सुया आल्या. सुईच्या नेढ्यात दोरा ओवलेला असे. डॉक्टर ती जिभेत टोचून दोरा शिवून टाकी, आणि सुमारे आठवड्याने दोरा ओढून सुया काढीत. १९३४ साली मँचेस्टरच्या पॅटर्सन व पार्कर यांनी सुया कशा मांडाव्यात याचे कोष्टकच बांधून दिले. लहान गाठीत दोनतृतीयांश रेडियम कडेला आणि उरलेले मध्ये, गाठ मोठी असेल तर कडेचा वाटा कमी, असे त्यांचे नियम होते. संगणकाच्या आधी कित्येक दशके डॉक्टर याच कोष्टकावर विसंबून राहिले.

रेडियमची कथा मुंबईशीही जोडलेली आहे. १९३१ साली मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढल्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला उभे राहिलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. रुग्णालय आणि अणुऊर्जा यांचे नाते कित्येकांना विचित्र वाटते, पण ज्यांनी ते जोडले त्यांना किरणोत्सर्गाची दुसरी बाजू नीट दिसत होती.

रेडियमच्या सुयांचे एक फार मोठे दुखणे होते. त्या टोचणारा डॉक्टर, त्याच्या शेजारची परिचारिका, सुया उकळून ठेवणारा नोकर, हे सगळे किरणांच्या माऱ्यात उभे असत. घाईने टोचावे तर सुई वाकडी जाई. सावकाश टोचावे तर बोटे जळत. अनेक जुन्या किरणोपचारकांची बोटे झिजून गेली. खुद्द मारी क्यूरी १९३४ साली अस्थिमज्जेच्या विकाराने वारल्या, तो या किरणांशी केलेल्या सहवासाचाच परिणाम मानतात. त्यांची कन्या इरेन आणि जामात फ्रेडरिक जोलिओ यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की साध्या मूलद्रव्यालाही कृत्रिमरीत्या किरणोत्सर्गी बनविता येते. रेडियमवाचून सुया करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. इरेन जोलिओ-क्यूरी यांच्याच हस्ते १९५० च्या जानेवारीत कलकत्त्याच्या चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले होते. सहा वर्षांनी त्याही रक्ताच्या कर्करोगाने गेल्या.

रेडियमची जागा घेणारे द्रव्य म्हणजे इरिडियम १९२. अणुभट्टीत इरिडियम धातूवर न्यूट्रॉनचा मारा केला की ते तयार होते. त्याचे किरण रेडियमच्या किरणांहून सौम्य. रेडियमचा मारा निम्मा करण्याला एक सेंटिमीटरहून जाड शिसे लागते; इरिडियमला त्याच्या चौथाईच्या आसपास पुरते. त्याची तार केसासारखी बारीक करता येते, वाकविता येते, हवी तेवढी तोडता येते. रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे, इरिडियमचे अवघे ७४ दिवसांचे. म्हणजे ते सारखे नवे आणावे लागते, हा त्याचा दोष. आणि हरवले तर पिढ्यान्‌पिढ्या छळत राहत नाही, हा त्याचा गुण. आपल्या देशात ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी १९५६ च्या ऑगस्टमध्ये चालू झाली. तिच्यामागून आलेल्या अणुभट्ट्यांत तयार झालेल्या इरिडियमच्या तारा पुढे भारतीय रुग्णालयांना ट्रॉम्बेहून मिळू लागल्या.

परंतु खरी क्रांती केली ती एका साध्या युक्तीने. आधी रिकाम्या नळ्या बसवाव्यात, त्या नीट बसल्या की नाही हे क्ष-किरणाने पाहावे, हिशेब करावा, आणि सर्वांत शेवटी त्या नळ्यांत किरणोत्सर्गी तार सोडावी. आधी घर बांधा, मग दिवा आणा! डॉ. हेन्श्के यांनी १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत ही रीत रूढ केली. फ्रान्समधील पिएर्कँ, शासान्य आणि ड्यूत्रे यांनी १९६० नंतर तिला नियमांची शिस्त लावली: तारा एकमेकींना समांतर असाव्यात, त्यांतील अंतर समान असावे, बळ सारखे असावे. रिकाम्या नळ्या घालताना डॉक्टरला घाई नसते, कारण त्या वेळी खोलीत किरण नसतातच. सुई वाकडी गेली तर ती काढून पुन्हा घालता येते.

तात्यांवर हा उपचार झाला तो आणखी पुढच्या पिढीचा. त्यांना भूल दिली, श्वासाची नळी नाकातून घातली. डॉक्टरांनी एक बोट तोंडात घालून गाठीच्या कडा चाचपल्या. मग हनुवटीखालच्या त्वचेतून पोकळ सुई वर जिभेच्या पृष्ठापर्यंत आणली, तिच्यातून प्लॅस्टिकची बारीक नळी ओवली, नळीला वर एक गुंडी बसविली, आणि सुई काढून घेतली. शर्टाचे बटण असते तशीच ती गुंडी. नळी निसटू नये म्हणून. अशा सहा नळ्या, एकमेकींपासून सेंटिमीटरभर अंतरावर, दोन ओळींत. जिभेचा जबड्याकडचा भाग सांभाळायचा असतो, कारण जबड्याच्या हाडाला किरणांची मात्रा जास्त बसली तर ते पुढे सडू शकते. याच कारणाने दोन आठवडे आधी त्यांची ती बदनाम दाढ आणि शेजारचा एक किडका दात दंतवैद्याने काढून टाकला होता. त्याच भुलेत मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही शल्यचिकित्सकाने काढल्या. त्याबद्दल पुढे सांगतो.

शुद्धीवर आल्यानंतर नळ्यांचे चित्र घेतले गेले आणि संगणकाने आखणी केली. यंत्राच्या पोटात जाड कवचाच्या तिजोरीत इरिडियमचा एक कण असतो, साधारण तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढा. तो एका लांब तारेच्या टोकाला जडविलेला. खोलीतून सर्वजण बाहेर पडतात, दार बंद होते, आणि यंत्र तो कण पहिल्या नळीत सोडते. कण थोडा पुढे जातो, काही क्षण थांबतो, पुन्हा पुढे, पुन्हा थांबतो. कोठे किती क्षण थांबायचे यातच सारी आखणी आहे. मग दुसरी नळी, तिसरी. काही मिनिटांत कण तिजोरीत परत. सकाळी एकदा, मध्ये निदान सहा तास जाऊ देऊन संध्याकाळी एकदा, असे पाच दिवस. मी बाहेर पडद्यावर पाहत होतो. तात्या डोळे मिटून पडले होते आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटे हलत होती. आवर्तने मोजत होते, असे त्यांनी पुढे सांगितले.

कणाचा जोर रोज थोडा कमी होतो, त्यामुळे तेच काम करायला महिन्यागणिक अधिक वेळ लागतो. आज दहा मिनिटांत होणारे काम ७४ दिवसांनी वीस मिनिटे घेईल. म्हणून तीन-चार महिन्यांनी कण बदलतात. जुना कण परत पाठविताना जे कागदपत्र होतात ते पाहून माझ्यातला सरकारी नोकर संतुष्ट झाला. आपल्याकडे या साऱ्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची १९८३ पासून देखरेख आहे. नोंदवहीतील एक ओळ चुकली तर काय होते हे दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजाराने २०१० साली पाहिले. मोडीत निघालेल्या एका यंत्रातला कोबाल्ट भंगारवाल्यांच्या हाती लागला आणि एकाचा बळी गेला. कागद नीट ठेवणे हेसुद्धा प्राण वाचविणे असते, असे मी तेव्हापासून आमच्या तरुण सहकाऱ्यांना सांगतो; ते मान डोलावतात.

त्या पाच दिवसांत तात्यांना बोलता येत नव्हते. जीभ सुजलेली, अन्न नाकातील नळीने. उशाशी पाटी-पेन्सिल. काकू नातवाला घेऊन आल्या त्या दाराशीच थबकल्या. त्यांना कोणीतरी सांगितले होते की किरण घेतलेल्या माणसाजवळ लहान मूल नेऊ नये.

मी म्हणालो, "काकू, यंत्राने कण परत घेतला की तात्यांच्या अंगात काही राहत नाही. दिवा घरातून नेला तर भिंत काही उजेड देत नाही."

तात्यांनी पाटीवर लिहिले, "पोराला आण. भिंत त्याची वाट पाहते आहे."

काकूंच्या भीतीला अगदीच आधार नव्हता असे मात्र नाही. पूर्वी जेव्हा रेडियम किंवा इरिडियमच्या तारा सहा-सात दिवस तोंडातच राहत, तेव्हा रोग्याला वेगळ्या खोलीत शिशाच्या पडद्याआड ठेवीत, भेटीला मिनिटांचा हिशेब असे आणि मुलांना खरोखरच मज्जाव असे. त्या मंद पद्धतीचा एक लाभ होता. किरणांचा मारा संथ असल्याने निरोगी पेशी माऱ्याच्या दरम्यानच सावरत. आताच्या जलद पद्धतीत तो अवकाश दोन वेळांमधील तासांनी द्यावा लागतो.

आता मानेबद्दल. जिभेचा रोग लहान दिसला तरी त्याचे बीज मानेतील गाठींत आधीच जाऊन बसलेले असू शकते, आणि तेथे ते बोटाला लागत नाही. मानेच्या गाठी आधीच काढाव्यात की दिसल्यावर काढाव्यात, हा वाद जगभर कित्येक वर्षे चालला. तो मिटविला टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी सुमारे पाचशे रोग्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. ज्यांच्या गाठी आधीच काढल्या त्यांच्यापैकी शेकडा ८० तीन वर्षांनी हयात होते. ज्यांच्या बाबतीत वाट पाहिली त्यांच्यापैकी शेकडा साडेसदुसष्ट. जिभेत नळ्या घालून मान तशीच सोडणे म्हणजे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवणे. तात्यांनी जीभ वाचविली, मान वाचविली नाही; खांदा आजही थोडा आखडतो.

या उपचाराची स्तुती करताना त्याच्या मर्यादा लपवून चालणार नाही. ओठ, जिभेची कड, जिभेखालचा भाग, गालाचा आतला भाग येथे गाठ लहान असेल, चार सेंटिमीटरांच्या आत असेल आणि हाडापासून दूर असेल, तर तो उत्तम चालतो. हिरडीवर, टाळूवर, जबड्याला चिकटलेल्या रोगावर तो निरुपयोगी किंवा घातक. आणि येथेच आपले दुर्दैव आड येते. युरोपात ओठाचे व जिभेचे रोगी अधिक, म्हणून तेथे ही विद्या वाढली. आपल्याकडे तंबाखू आणि सुपारी गाल व हिरडी यांच्या खाचेत दाबून धरतात. रोग तेथे उगवतो आणि लवकर हाडात शिरतो. तात्यांच्या शेजारच्या बाकावर बत्तीस वर्षांचा एक ट्रकचालक असे. गुटख्याने त्याचे तोंड आखडून दोन बोटांपुरते उघडत होते. व्रण गालात सुरू झाला होता आणि जबड्यापर्यंत गेला होता. त्याने मला विचारले, "या सुया मला का नाही घालत?" डॉक्टरांनी त्याला तेच सांगितले होते जे मी आता सांगितले. त्याचा अर्धा जबडा काढावा लागला. त्याने पाच महिने उशीर केला होता, तात्यांनी चार. फरक महिन्याचा नव्हता, जागेचा होता, आणि ती जागा तंबाखूने निवडली होती.

शिवाय हे हाताचे कसब आहे. यंत्र विकत घेता येते, पण नळी दोन मिलिमीटर इकडे की तिकडे हे ठरविणारे बोट गुरूजवळ उभे राहूनच तयार होते. शल्यचिकित्सा सुधारत गेली, दुरून सोडायचे किरणही आता फार अचूक झाले, आणि ही विद्या शिकणारे तरुण जगभर कमी होत आहेत. मला याचा खेद वाटतो. ज्या देशात तोंडाचा कर्करोग सर्वांत अधिक, त्याने तरी ती सोडू नये.

नळ्या सहाव्या दिवशी काढल्या. गुंडी कापली, नळी खालून ओढली, थोडे रक्त आले, बोटाने दाबून धरले. त्रास पुढे सुरू झाला, आणि याची आगाऊ कल्पना नसेल तर माणूस घाबरतो. दहा-बारा दिवसांनी जिभेच्या त्या भागावर पांढरा पापुद्रा धरतो, आग होते, दोन-तीन आठवडे ती वाढत जाते. जावयाची पेज, ताक, मऊ भात, यांवर महिना काढावा लागला. दोन महिन्यांनी जीभ भरून आली. आता त्या बाजूचा दात काढायचा झाला तर किरणोपचारकाला विचारल्याशिवाय काढायचा नाही, हे त्यांना आणि काकूंना बजावून सांगितले आहे. रोग परतला तर तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी. चंची काकूंनी स्वतः, तात्यांच्या देखत, सुखना तलावात टाकली. तलावात काही टाकणे हा नियमभंग आहे, आणि मी तेथे उभा होतो.

आज त्या गोष्टीला अडीच वर्षे झाली. गेल्या गणेशोत्सवात तात्यांनी एकवीस आवर्तने केली; जिभेची डावी कड किंचित जड झाली आहे, 'ट' आणि 'ठ' जरा सैल पडतात. आवर्तने झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलाविले आणि म्हणाले, "ऐका साहेब." मग त्यांनी सावकाश उच्चारले: "फळ. केळे. नारळ. मोदकाचे सारण गुळाचे." आणि डिसेंबरातल्या तपासणीला मी बरोबर येणार ना, असे विचारले.